कथायुक्तीची ओळख आणि तिचे नामकरण : एटापल्ली परिसरातील कथाध्ययनाच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

लोककथा असो वा लिखित कादंबरी, काही घटना, काही योजना आणि काही वळणे कथावाङ्मयात पुनःपुन्हा आढळतात. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो. नावडत्या राणीचे शेवटी भाग्य उजळते. निरपराध माणसावर आळ येतो आणि पुढे तो फिटतो. श्रोत्याला किंवा वाचकाला ही वळणे ओळखीची वाटतात. अभ्यासकाला मात्र ती ओळख शब्दांत मांडावी लागते, तिला नाव द्यावे लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू या दोन क्रियांचा, म्हणजे ओळखण्याचा व नाव देण्याचा, परस्परसंबंध स्पष्ट करणे हा आहे.

अशा आवर्तनशील योजनेसाठी मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासात 'कल्पनाबंध' ही संज्ञा रूढ आहे. हिंदीत हजारीप्रसाद द्विवेदी यांनी आदिकालीन काव्याच्या विवेचनात 'कथानक-रूढि' ही संज्ञा योजली. पहिली संज्ञा कथेतील लहानात लहान कल्पनेकडे बोट दाखवते, तर दुसरी परंपरेने पक्क्या झालेल्या संकेताकडे. ती योजना कथेत कोणते काम करते हा प्रश्न ज्या ठिकाणी मुख्य आहे, तेथे 'कथायुक्ती' हा शब्द अधिक उपयोगी पडतो. म्हणून तो येथे स्वीकारला आहे.

हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातील एटापल्ली तालुका छत्तीसगडच्या सीमेला भिडलेला असून माडिया गोंडांची येथे मोठी वस्ती आहे. माडिया ही द्राविड भाषाकुळातील बोली आहे. येथील विद्यार्थी घरी कथा माडियात ऐकतो, वर्गासाठी ती मराठीत लिहून काढतो, आणि मार्गदर्शकाच्या सूचनेवरून तिला ज्या सूचीतील क्रमांक देतो ती सूची इंग्रजीत असते. या तीन टप्प्यांत कथेचे काय होते, हे प्रामुख्याने नावावर अवलंबून असते. सांगणारा वृद्ध उद्या नसेल. मागे उरणार आहे ती आपली नोंद आणि नोंदीवरचे नाव.

२. आंतरराष्ट्रीय सूची : उपयोग व मर्यादा

फिनलंडच्या आन्ती आर्ने यांनी १९१० मध्ये कथाप्रकारांची सूची प्रसिद्ध केली. स्टिथ थॉम्पसन यांनी १९२८ व १९६१ मध्ये आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तिची पुनर्रचना केली. थॉम्पसन यांची कल्पनाबंधांची स्वतंत्र सहा खंडांची सूची १९३२ ते १९३६ या काळात निघाली. तिची सुधारित आवृत्ती १९५५ ते १९५८ मध्ये आली. तीत इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांप्रमाणे विषयवार प्रकरणे आहेत. पोपटातील प्राण तेथे 'बाह्य आत्मा' या नावाने 'ई ७१०' क्रमांकावर सापडतो. मेरी फ्रिअर यांच्या १८६८ च्या दख्खनी कथासंग्रहातील कथा या क्रमांकामुळे युरोपातील कथांशेजारी ठेवून पाहता येते. हा लाभ लहान नाही.

परंतु क्रमांक हा पत्ता आहे, ओळख नव्हे. मराठी व्रतकथांतील 'नावडती' हेच उदाहरण घ्यावे. शिवामुठीच्या कहाणीत ती सून आहे, अन्यत्र ती राणी आहे. पण नाव एकच. या एका शब्दात तिच्यावरील अन्याय आणि तिचे पुढे होणारे भाग्य ही दोन्ही टोके सामावली आहेत. 'नावडती' म्हटले की ती शेवटी आवडती होणार हे श्रोत्या बायकांना ठाऊक असते. थॉम्पसन यांच्या सूचीत मात्र 'दैवपालट' हे 'एल' प्रकरण आणि 'अनैसर्गिक क्रौर्य' हे 'एस' प्रकरण निराळे. आपली नावडती त्यांत दोन तुकड्यांनी विभागली जाते. येथे लोकांनी दिलेले नाव सूचीपेक्षा अधिक नेमके ठरते.

या उणिवेची जाणीव पाश्चात्त्य अभ्यासकांनाही झाली. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ मध्ये शंभर रशियन अद्भुतकथांच्या आधारे दाखवले, की पात्रे व वस्तू बदलतात, पण त्यांची कार्ये स्थिर राहतात. अशी ३१ कार्ये त्यांनी नोंदवली. अ‍ॅलन डंडिस यांनी १९६२ मध्ये बाहेरून लावलेले घटक व कथेच्या आतून निष्पन्न होणारे घटक असा भेद केला. डॅन बेन-आमोस यांनी १९६९ मध्ये विश्लेषकाचे वर्ग आणि समूहाचे स्वतःचे वर्ग हे वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला.

आपल्याकडे याच विवेकाचा एक जुना नमुना उपलब्ध आहे. महानुभाव पंथातील केशिराजबास यांच्या 'दृष्टांतपाठा'त प्रत्येक ठिकाणी सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असे तीन भाग केलेले आहेत. कथा वेगळी, तिने सिद्ध होणारा विचार वेगळा आणि कथेचे त्या विचाराला लावणे वेगळे, हे भान त्या रचनेत आहे. कथा काय आहे आणि कथेने काय केले हे एकाच रकान्यात लिहू नये, एवढा धडा त्यातून आजच्या अभ्यासकाने अवश्य घ्यावा.

३. ओळखीच्या तीन कसोट्या

कथायुक्ती ओळखताना तीन कसोट्या क्रमाने लावाव्यात. पहिली पुनरावृत्तीची : ती योजना परस्परांवर अवलंबून नसलेल्या निदान दोन-तीन कथांत आढळते काय? दुसरी कार्याची : ती काढून घेतली तर कथा पुढे सरकते काय? पोपट काढला तर राक्षस मरत नाही, म्हणून ती युक्ती. राजवाड्याचे वर्णन काढले तरी काही अडत नाही, म्हणून ते केवळ वर्णन. तिसरी पर्यायाची : त्याच जागी दुसरी घटना ठेवून तेच काम साधते काय? पोपटाऐवजी भुंगा आला तरी काम तेच होते. म्हणून नाव पोपटाला द्यावयाचे नसून प्राण शरीराबाहेर ठेवण्याला द्यावयाचे आहे.

४. एक उदाहरण : लिंगोवरील आळ

या कसोट्या गोंड परंपरेतील एका महत्त्वाच्या कथेला लावून पाहू. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधान गायकाकडून मिळवलेली लिंगोची गीतकथा त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत लिंगो चार भावांना शेती व शिकार शिकवतो, राक्षसाच्या सात मुलींशी त्यांचे विवाह लावतो आणि स्वतः मात्र विवाह नाकारतो. भाऊ शिकारीला गेले असता त्या स्त्रिया लिंगोशी लगट करू पाहतात. तो संतापून त्यांना मुसळाने मारतो. त्या नवऱ्यांकडे उलटी तक्रार करतात. भाऊ लिंगोला रानात नेऊन ठार करतात व त्याचे डोळे काढतात. पुढे अमृताने तो जिवंत होतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करून त्यांची समाजव्यवस्था लावतो.

सूचीत हा कल्पनाबंध 'के २१११' क्रमांकावर 'पोटिफरची पत्नी' या नावाने आहे. बायबलमधील योसेफाच्या कथेवरून पडलेले हे नाव एटापल्लीच्या विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. भारतीय कथांत याची उदाहरणे ठळक आहेत. 'अशोकावदाना'त तिष्यरक्षिता आपला सावत्र पुत्र कुणाल याच्यावर आसक्त होते आणि नकार मिळताच कपटाने त्याचे डोळे काढविते. नाथपंथीय कथेत सावत्र आईच्या आरोपामुळे चौरंगीनाथाचे हातपाय तोडले जातात. कुणालाच्या कथेत उघड आरोपाऐवजी कपट येते. पण नकाराचा सूड उगवण्याचे काम तेच राहते. म्हणजे पर्यायाची कसोटी येथेही उतरते. तिन्ही कथांत पुढचा क्रमही सारखा आहे : नकार, सूड, अंगच्छेद आणि गेलेल्या अंगाची वा प्राणाची पुनःप्राप्ती. ही केवळ एक सुटी कल्पना नसून चार पावलांची साखळी आहे, हे 'पोटिफरची पत्नी' या नावातून कळत नाही.

परंतु साम्य दिसले की भेद पाहण्याचे थांबू नये. कुणाल व चौरंगी यांच्या कथांत संबंध आई-मुलाचा आहे. लिंगोच्या कथेत तो दीर-भावजयीचा आहे. गोंडांमध्ये थोरल्या भावाच्या विधवेशी धाकट्या दिराचा विवाह रूढीने संमत मानला गेला आहे. त्यामुळे लिंगोच्या नकाराला पौराणिक 'शीलपरीक्षा' म्हणून मोकळे होता येत नाही. कुणाल-चौरंगींच्या कथांत पुनःप्राप्ती नायकाचे पावित्र्य वा योगसामर्थ्य सिद्ध करते. लिंगोच्या कथेत ती समाजाच्या स्थापनेची पूर्वतयारी करते. शेजारच्या बस्तरमधील मुरिया परंपरेत, व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार, लिंगो हा सात भावांतील धाकटा, अठरा वाद्ये वाजवणारा आणि घोटुलाचा संस्थापक आहे. त्याच्या वादनाने भावजया मोहित होतात आणि भावांचे मन त्याच्याविरुद्ध जाते. तेथे संगीत व भावांचा मत्सर यांवर भर येतो. हिस्लॉप-पाठातील आळ आणि हा मत्सर एकाच जागी एकच काम करतात : लिंगोला घरातून तोडून समाजाचा करतात. 'शीलपरीक्षा' हे नाव दिले असते, तर हा दुसरा पाठ आपण वेगळी कथा म्हणून बाजूला टाकला असता.

५. नामकरणाची रीत

उपरोक्त विवेचनावरून नामकरणाचे काही नियम सुचतात. एक, सांगणाऱ्याने त्या वळणासाठी वापरलेला शब्द प्रथम नोंदवावा. तो माडियात असेल तर माडियातच, देवनागरीत लिहून, आणि त्याशेजारी मराठी अर्थ द्यावा. दोन, नाते दाखवणारे शब्द कधीही सरसकट भाषांतरित करू नयेत. 'बाई', 'स्त्री' असे लिहिल्याने कथेची कळच हरवते. तीन, लोकांचे नाव नसेल तर नाव कृतीवरून द्यावे, पात्रावरून वा ग्रंथावरून नव्हे. 'आळ' हा साधा मराठी शब्द 'पोटिफरची पत्नी'पेक्षा सर्वतोपरी सरस आहे. चार, नावात निर्णय नसावा. 'शीलपरीक्षा' म्हणजे नाव नव्हे, ते भाष्य आहे. पाच, सूचीतील क्रमांक शेवटी आणि वेगळ्या रकान्यात द्यावा, म्हणजे तुलनेची वाट मोकळी राहील.

हीच रीत लिखित कथावाङ्मयालाही लागू पडते. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीत बोटीचा प्रवास परस्परांना अनोळखी माणसे ठरावीक दिवसांसाठी एकत्र कोंडतो व बंदर येताच त्यांना विलग करतो. तेथे युक्ती बोट ही नसून मुदतीचा सहवास ही आहे; आगगाडीचा डबा, धर्मशाळा किंवा रुग्णालयातील खोली तेच काम करू शकते.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. समीक्षेत 'योगायोग', 'साचा', 'ठोकळेबाज' असे शब्द बहुधा दुसऱ्या अर्थाने वापरले जातात. युक्ती पुनःपुन्हा येते हा दोष नव्हे. ती प्रत्येक वेळी कोणते काम करते, हे पाहिल्यावाचून दोष वा गुण ठरवता येत नाही.

६. समारोप

तात्पर्य, कथायुक्तीचे नाव हे अध्ययनाच्या आरंभी चिकटवावयाची चिठ्ठी नसून कार्य तपासल्यानंतर हाती येणारे फलित आहे. ज्या भाषेत अद्याप अल्प लेखन झाले आहे, तिच्या कथांबाबत ही दक्षता विशेष आवश्यक आहे, कारण तेथे पहिली नोंदच पुष्कळदा प्रमाण ठरते. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्याच गावच्या कथांवर प्रबंधिका लिहिणे अधिक सुकर झाले आहे. ज्याला सांगणाऱ्याचा शब्द आईच्या भाषेतून कळतो, असा अभ्यासक त्या कथांना प्रथमच लाभत आहे. त्याच्या हाती परक्या नावांची यादी देऊन त्याचा तो शब्द आपण काढून घेऊ नये, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.