चिलटांची आई

अटलांटातल्या आमच्या ओट्यावर केळी जास्त पिकली की चिलटं जमतात. सांगलीहून आई व्हिडिओ कॉलवर ओरडते, "फेक ती! सूनबाईला वासानं मळमळेल." पण इथल्याच एमरी विद्यापीठातला २०१३चा प्रयोग वाचल्यापासून मी चिलटांना जरा मानतो. एक बारीक गांधीलमाशी त्यांच्या अळ्यांत अंडी घालते. तिची मादी नुसती दिसली (नर दिसला तर काही नाही!) की चिलटाची मादी आपली अंडी दारूचा अंश असलेल्या अन्नात घालते. अळ्यांना ती दारू पचते, शत्रूच्या पिलांना झेपत नाही. गांधीलमाशी काढून घेतली तरी आठवण टिकते. आमचं बाळंतपण इथं की सांगलीला, यावर मात्र आम्हा दोघा इंजिनियरांचा तीन महिने खल चाललाय.