गादी सोडल्यानंतर : वडीलधाऱ्यांच्या वेळेचा विनियोग

व्यापारी मनुष्य नोकरदाराप्रमाणे ठराविक तारखेस निवृत्त होत नाही. त्याला निरोपाचा समारंभ नसतो आणि निवृत्तिवेतनही नसते. एके दिवशी तिजोरीच्या किल्ल्या मुलाच्या खिशात जातात, खरेदीचे व्यवहार मुलाच्या शब्दाने होऊ लागतात; वडील मात्र पूर्वीच्याच वेळी येऊन पूर्वीच्याच गादीवर बसत राहतात. ही अवस्था बाहेरून प्रतिष्ठेची दिसली तरी आतून ती पितापुत्र दोघांनाही जाचक असते. काम नसलेला हात दुसऱ्याच्या कामात जातो आणि अनुभवाचे दोन शब्द सांगण्याऐवजी गिऱ्हाइकादेखत चुका काढल्या जातात.

माझ्या परिचयातील एका धान्यव्यापाऱ्यांचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी व्यवहार मुलाच्या हाती दिला. परंतु दुकानात येणे सोडले नाही. मुलाने सांगितलेला भाव ते गिऱ्हाइकासमोरच बदलीत. वर्षभरात घरातले बोलणे जेवणापुरते उरले. पुढे एका विद्यार्थी बोर्डिंगच्या व्यवस्थापकांनी त्यांना कोठीघर पाहण्याची विनंती केली. तेथे दर पंधरवड्यास किरकोळ भावाने, उधारीवर धान्य येत असे; पोती मोजून घेतली जात, परंतु तोलून घेतली जात नसत. या गृहस्थांनी तूरडाळ व ज्वारी नव्या मालाच्या हंगामात घाऊक घेण्याची प्रथा पाडली, प्रत्येक पोते काट्यावर चढविले आणि आवक-जावकेची साधी वही सुरू केली. कोणतीही देणगी न देता त्यांनी त्या बोर्डिंगचा खर्च उतरविला. आणि घरी काय झाले? काही महिन्यांनी मुलगा रात्री स्वतःहून विचारू लागला, “बाबा, हा माल आत्ता घ्यावा की थांबावे?” जो सल्ला न मागता देताना कोणास नको होता, तोच आता मागून घेतला जाऊ लागला.

हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे शंभरात साडेआठांच्या वर भरली होती. इतक्या मोठ्या वर्गाचा अनुभव घराच्या ओसरीवर पडून राहावा, हे भांडवल पेटीत कुजू देण्यासारखेच होय.

आपला समाज दानात मागे नाही. धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ, औषधालये ही त्याची साक्ष आहेत. परंतु पैसा देणे आणि वेळ देणे यांत अंतर आहे. पैसा एकदा देऊन मोकळे होता येते. वेळ मात्र दर आठवड्यास नव्याने द्यावा लागतो. आपल्या शास्त्रकारांनी वैयावृत्त्य, म्हणजे शुश्रूषा, ही आभ्यंतर तपांमध्ये गणली आहे. तिचा मूळ संदर्भ साधुसंघाच्या सेवेचा असला, तरी स्वतःच्या अंगाने केलेल्या सेवेला तपाची योग्यता दिली गेली, ही गोष्ट गृहस्थानेही ध्यानात घेण्यासारखी आहे.

“आता या वयात नवे काय करणार?” असे पुष्कळजण म्हणतात. त्यांनी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या उत्तरायुष्याकडे पाहावे. १८५८ साली जन्मलेले कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाले. महिला विद्यापीठाची स्थापना त्यानंतरची, १९१६ सालची. सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची प्रसिद्ध देणगी विद्यापीठाला मिळाली ती त्याच्याही नंतर, १९२० साली. म्हणजे आधी निवृत्त माणसाचा वेळ आला आणि मग धनिकाचे धन आले. वयाच्या सत्तरीनंतर कर्वे आपल्या संस्थेच्या कार्यासाठी परदेशांत फिरले. १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि १९४४ मध्ये समता संघाची स्थापना केली. कर्वे होणे प्रत्येकास शक्य नाही, हे उघड आहे. परंतु साठीनंतर नवे काम आरंभिता येत नाही, हा समज त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

सेवेचा लाभ सेवा करणाऱ्यासही होतो. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांना प्राथमिक शाळांतील मुलांच्या साहाय्यार्थ आठवड्यास पंधरा तास पाठविण्याचा एक उपक्रम झाला. त्याविषयी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या स्वयंसेवकांची शारीरिक हालचाल वाढल्याचे, तसेच अडीअडचणीला ज्यांच्याकडे जाता येईल अशी माणसेही वाढल्याचे आढळले. उतारवयात औषधाइतकीच माणसांची गरज असते, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहेच.

मग कोणते काम घ्यावे? आपल्या हाताला जे येते तेच. ज्याचा जन्म जमाखर्चात गेला, त्याने एखाद्या संस्थेची पावतीपुस्तके व रोजकीर्द दर आठवड्यास तपासावी. वर्षअखेरीची धावपळ वाचेल आणि देणगीदारांचा विश्वास वाढेल. ज्याला मालाची पारख आहे, त्याने वसतिगृहाची खरेदी पाहावी. आपल्या सीमाभागातील व्यापाऱ्यास मराठी आणि कानडी दोन्ही भाषा अवगत असतात. सरकारी रुग्णालयात खेड्यातून आलेल्या रुग्णाचा अर्ज भरून देणे, त्याला योग्य खिडकीपर्यंत नेणे, हे काम लहान दिसले तरी त्या रुग्णाला त्याचे मोल फार. केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकविण्याचे काम स्वयंसेवकांवरच सोपविले आहे. हिशेब आणि अक्षरे शिकविण्यास जुन्या व्यापाऱ्यापेक्षा अधिक योग्य शिक्षक कोठे मिळणार?

घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विचार तर आपण क्वचितच करतो. गृहिणीला निवृत्ती नसते. मुले मोठी झाली की नातवंडे येतात. आजारी माणसाची शुश्रूषा, शंभर पानांच्या पंगतीचा अंदाज, मुलींना समजावून घेण्याची हातोटी, हे तिचे ज्ञान मुलींच्या वसतिगृहास आणि पाठशाळेस हवे आहे. मात्र तिने बाहेर पडावे असे वाटत असेल, तर आठवड्यातील एक दुपार तिला घरच्यांनी मोकळी करून दिली पाहिजे. हे कर्तव्य तिचे नसून कुटुंबाचे आहे.

आरंभ करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. प्रथम आठवड्यातील एकच दिवस आणि दोनच तास ठरवावेत. परंतु ते दुकानाच्या वेळेइतके काटेकोर पाळावेत. तीन महिने काम करून पाहावे, मगच पुढचा शब्द द्यावा. पद मागू नये. आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसास तरुण व्यवस्थापकाच्या सूचनेने वागणे जड जाते, पण सेवेची खरी कसोटी तेथेच आहे. प्रकृतीस झेपेल तेवढेच घ्यावे आणि आपल्यामागे काम पाहील असा एखादा माणूस पहिल्या वर्षापासून तयार करावा.

संस्थांचेही कर्तव्य आहे. वृद्ध सभासदास व्यासपीठावर खुर्ची आणि गळ्यात हार देऊन आपण त्याचा मान राखतो आणि त्याचा उपयोग मात्र टाळतो. त्याऐवजी काम नेमके काय, कोणत्या दिवशी, कोणास विचारावयाचे, हे लिहून द्यावे; जाण्यायेण्याचा खर्च न मागता द्यावा; आणि त्याने दाखविलेली चूक दुरुस्त करावी. ज्याच्या सूचनेची दखल घेतली जात नाही, तो चौथ्या आठवड्यास येत नाही.

दर दिवाळीस आपण वह्यांचे पूजन करून नवे खाते उघडतो. ज्यांनी गादी मुलाच्या हाती दिली आहे, किंवा द्यावयाची आहे, त्यांनी यंदा आपल्या नावाचे आणखी एक खाते उघडावे. त्यात रुपये नकोत, तास लिहावेत. आणि ज्यांनी अद्याप गादी सोडलेली नाही, त्यांनी आपला मुलगा दुकानात आपल्यासमोर किती वेळा गप्प बसतो, एवढे एकदा मोजून पाहावे. गादी सोडण्याची वेळ झाली की नाही, याचे उत्तर त्या मोजणीत मिळेल.