सातबाऱ्यातले देवनागरी आकडे आणि लिस्पचं वाचन

कुही तालुक्यातल्या एखाद्या जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर क्षेत्र '१.२०' असं असतं. एक हेक्टर वीस आर. शेतकऱ्याला ते दिसताक्षणी कळतं. कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेच्या मानकाला मात्र इंग्रजी 0 ते 9 हेच अंक माहीत, '१' हा आकडा आहे हे त्याच्या गावीही नाही.

लिस्पची खरी गंमत इथेच सुरू होते. १९५८ साली जॉन मॅकार्थींनी एमआयटीत सुरू केलेल्या या भाषेच्या कॉमन लिस्प या शाखेत, कोणतं अक्षर कसं वाचायचं याचा तक्ताच प्रोग्रामरच्या हाती असतो. त्याला रीडटेबल म्हणतात. उघडणारा कंस, अवतरणचिन्ह, टिपणीचा अर्धविराम हीसुद्धा या तक्त्यातली रीड मॅक्रोच, म्हणजे दिसताच ठरलेलं फंक्शन चालवणारी अक्षरं!

मग '०' ते '९' या दहा अक्षरांना 'सेट-मॅक्रो-कॅरॅक्टर' वापरून आपलं फंक्शन जोडायचं. युनिकोडमध्ये '०' चा क्रमांक २४०६. अक्षराच्या क्रमांकातून तेवढे वजा केले की अंकाची किंमत मिळते. फंक्शन पुढचे अंक वाचत जातं, टिंबावर हेक्टर संपवतं आणि १२० आर ही पूर्ण संख्या परत देतं.

एक खोच आहे. मॅक्रो 'नॉन-टर्मिनेटिंग' ठेवला नाही, तर 'गट१' या नावाचे मधूनच दोन तुकडे पडतात.

आणि हे प्रयोग मूळ तक्त्यावर करू नयेत, 'कॉपी-रीडटेबल'ने प्रत काढून घ्यावी.