व्यास हीसुद्धा जीवाच

खालच्या इयत्तांपासून व्यास मुलांच्या ओळखीचा असतो. जीवा नंतर भेटते आणि बहुतेक वेळा फळ्यावर केंद्राच्या खाली आडवी काढलेली, व्यासाहून आखूड अशीच दिसते. त्या एका आकृतीतून काही समजुती पक्क्या होतात आणि दहावीची परीक्षा उलटून गेली तरी डोक्यातून जात नाहीत.

गैरसमज : जीवा वेगळी आणि व्यास वेगळा.

वर्तुळावरचे कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. तो केंद्रातून जाता कामा नये, अशी अट व्याख्येत कुठेही नाही. केंद्रातून गेला तर त्याच जीवेला व्यास म्हणतात. वर्तुळात अशा जीवा अगणित निघतात, सगळ्यांची लांबी एकच, आणि त्यांच्याहून मोठी जीवा काढताच येत नाही. याचे कारण मुलांना आधी सांगावे, पाठांतर नंतर. केंद्रातून न जाणाऱ्या जीवेची दोन्ही टोके केंद्राला जोडली की दोन त्रिज्या आणि ती जीवा मिळून त्रिकोण होतो. त्रिकोणाची कोणतीही बाजू उरलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा लहानच असते आणि दोन त्रिज्यांची बेरीज म्हणजे व्यास. संपली सिद्धता.

गैरसमज : जीवा केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर नेली की तिची लांबी व्यासाच्या निम्मी होते.

त्रिज्या 10 सेंमी घेऊ, म्हणजे व्यास 20 सेंमी. केंद्रापासून 5 सेंमी अंतरावरची जीवा 10 सेंमी भरेल असे वाटते, पण ती जवळजवळ 17.3 सेंमी असते. 6 सेंमी अंतरावर जीवा 16 सेंमी, 8 सेंमीवर 12 सेंमी, आणि 9 सेंमीपर्यंत गेले तरी 8.7 सेंमी उरतेच. केंद्राजवळ जीवा हळूहळू आखूड होते आणि कडेजवळ झपाट्याने, कारण हे नाते पायथागोरसच्या प्रमेयातून येते. त्यात त्रिज्या हा कर्ण, केंद्रापासूनचे अंतर ही एक बाजू आणि दुसरी बाजू अर्धी जीवा. ‘अर्धी’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ मुले पूर्ण जीवेचा वर्ग करतात आणि सोपे उदाहरण चुकवतात. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब तिला दुभागतो, हे प्रमेय नुसते पाठ असले की असे होते.

गैरसमज : कंस दुप्पट झाला की जीवाही दुप्पट.

केंद्राशी 60 अंशांचा कोन करणारी जीवा बरोबर त्रिज्येएवढी असते. कोन 120 अंश केला तर ती त्रिज्येच्या सुमारे 1.73 पट होते. दुप्पट व्हायला थेट 180 अंश लागतात, आणि तोच व्यास. हे नाते सरळ प्रमाणाचे असते, तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीला 60 एकक त्रिज्या धरून अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या अंतराने जीवांचे कोष्टक रचावे लागले नसते. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा घेऊन 3 अंश 45 मिनिटांच्या टप्प्यांवर 24 किमती दिल्या. आजची साइनची कोष्टके त्याच वाटेवरची आहेत.

गैरसमज : जीवेला दुभागणारा व्यास तिला लंब असतोच.

जीवा स्वतः व्यास नसेल तर हे खरे. पण कोणतेही दोन व्यास एकमेकांना केंद्रात दुभागतात, मग त्यांच्यातला कोन 90 अंश असो की 20. व्यास ही जीवाच आहे हे विसरले, की विधानातली ही अट हमखास सुटते.

गैरसमज : केंद्र सापडल्याशिवाय व्यास काढता येत नाही.

या समजुतीमुळे सर्वांत मोठे नुकसान होते. वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात तेव्हा प्रत्येकीच्या दोन तुकड्यांचा गुणाकार सारखाच येतो, हे दहावीत शिकवतात. व्यासही जीवा असल्यामुळे त्यालाही हे लागू पडते. जीवेला लंब असा व्यास घ्या. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचा त्याचा तुकडा म्हणजे शर. आता शर गुणिले व्यासाचा उरलेला भाग बरोबर अर्ध्या जीवेचा वर्ग. आर्यभटाने हा नियम गणितपादात दिला आहे आणि 1150 च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी तो उदाहरणांनी खुलवला आहे. त्यांच्या उदाहरणात व्यास 10 आणि जीवा 6 असेल तर शर 1 येतो. पडताळा घ्या : 1 गुणिले 9 म्हणजे 9, आणि 3 चा वर्गही 9.

‘लीलावती’तले तळ्यातल्या कमळाचे उदाहरणही असेच सुटते. कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने ती कलते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? देठ म्हणजे त्रिज्या, अर्धा हात हा शर, दोन हात ही अर्धी जीवा. 2 चा वर्ग 4, त्याला अर्ध्याने भागले की 8, शर मिळवून व्यास साडेआठ हात, म्हणजे त्रिज्या सव्वाचार. त्यातून वरचा अर्धा हात वजा केला की खोली पावणेचार हात. भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. त्यांचे हे उदाहरण तरी मराठी मुलाने एकदा हाताने सोडवलेले असावे.

हीच रीत रेल्वेत आजही वापरतात. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला 20 मीटरची दोरी ताणतात आणि तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर मोजतात. त्याला व्हर्साइन म्हणतात, आणि तोच आपला शर. तो 100 मिलिमीटर भरला तर वळणाची त्रिज्या सुमारे 500 मीटर, 50 भरला तर सुमारे 1000 मीटर. केंद्र अर्धा किलोमीटर लांब कुठेतरी शेतात असते, तिथे कोणी जात नाही.

आज घरातल्या एखाद्या ताटाच्या कडेने कागदावर नुसता कंस काढा, पूर्ण वर्तुळ नको. जीवा आणि शर पट्टीने मोजा, अर्ध्या जीवेचा वर्ग शराने भागा आणि त्यात शर मिळवा. मग ताटाचा व्यास मोजून ताडा.