कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल – हप्ता सातवा : न सापडणारा कायदा

कॅव्हेलियरच्या हृदयाच्या झडपेला होणाऱ्या विकाराचे विवेचन या हप्त्यात यावयाचे होते. परंतु मागील हप्त्यानंतर एका वाचकाने विचारलेला प्रश्न वरकरणी किरकोळ दिसला, तरी या जातीविषयीच्या बहुतेक पुस्तकांमधून तो विनाचौकशी फिरत राहिला असल्यामुळे त्याचा एकदाचा निकाल लावणे आवश्यक आहे, आणि म्हणून झडपेचे प्रकरण एक आठवडा पुढे ढकलले आहे. प्रश्न असा की, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या लाडक्या स्पॅनिएलांना देशातील कोणत्याही सार्वजनिक इमारतीत, अगदी पार्लमेंटच्या सभागृहातसुद्धा, मुक्त प्रवेश देणारा कायदा केला होता आणि तो आजतागायत रद्द झालेला नाही, असे जे सांगितले जाते ते खरे आहे काय? ते खरे नाही. असा कायदा कधी झाला नाही, त्यामुळे तो रद्द होण्याचाही प्रश्न उद्भवत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगता येते, याचे कारण त्या काळच्या कायद्यांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत आहे. पार्लमेंटने संमत केलेला प्रत्येक कायदा राजाच्या कारकिर्दीचे वर्ष आणि त्या वर्षीच्या अधिवेशनातील अनुक्रमांक, ज्याला तेथे ‘अध्याय’ म्हणत, या दोहोंवरून ओळखला जाई. चार्ल्सच्या बाबतीत ही वर्षगणना मोठी गमतीची आहे, कारण तो प्रत्यक्षात गादीवर आला १६६० साली; पण त्याच्या वडिलांचा शिरच्छेद ज्या दिवशी झाला त्या ३० जानेवारी १६४९ पासूनच तो राजा होता, असे राजपक्षाने धरले, आणि परिणामी त्याच्या राज्यातील अगदी पहिले कायदेही ‘बाराव्या वर्षातील’ म्हणून नोंदले गेले. अटकेतील माणसाला न्यायालयापुढे हजर करण्याची सक्ती करणारा हेबियस कॉर्पसचा १६७९ चा प्रसिद्ध कायदा हा याच हिशेबाने एकतिसाव्या वर्षातील दुसरा अध्याय ठरतो. या संग्रहात केवळ मोठमोठे कायदेच आहेत असे नाही. घरातील चुलींच्या संख्येवर कर बसवणारा कायदा त्यात आहे आणि देशी लोकरीचा खप वाढावा म्हणून प्रेत लोकरीच्याच कापडात गुंडाळून पुरले पाहिजे, असे फर्मावणारा कायदाही आहे. प्रेताच्या कफनापर्यंत ज्या पार्लमेंटने लक्ष घातले, तिने कुत्र्यांविषयी कायदा केला असता तर त्यालाही वर्ष आणि अध्याय मिळाला असता. स्पॅनिएलांच्या कथित कायद्याचा असा क्रमांक मात्र कोणत्याही पुस्तकात दिलेला नसतो.

पार्लमेंटने नाही तर राजाने स्वतःच्या अधिकारात जाहीरनामा काढला असेल, असा बचाव कोणी करील. पण राजाच्या निव्वळ जाहीरनाम्याने देशाचा कायदा बदलत नाही, हे न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी १६१० मध्येच, म्हणजे चार्ल्सच्या आजोबांच्या कारकिर्दीत, निःसंदिग्धपणे सांगून ठेवले होते. शिवाय या राजाचे महत्त्वाचे कागद गहाळ झालेले नाहीत. मराठी वाचकाला त्यातला एक कागद जवळचा आहे: पोर्तुगालच्या राजकन्येशी, कॅथरीन ऑफ ब्रॅगान्झाशी झालेल्या विवाहाच्या १६६१ च्या तहात आंदण म्हणून मिळालेली मुंबई चार्ल्सने १६६८ च्या मार्च महिन्यात सालिना १० पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली, आणि ती सनद आज शब्दशः वाचता येते. मुंबई बेट देऊन टाकल्याचा दस्तऐवज उपलब्ध आहे, कुत्र्यांना दिलेल्या सवलतीचा नाही, आणि एवढ्यावरून या दंतकथेची योग्यता ठरवण्यास हरकत नसावी.

तरीही ही दंतकथा दुसऱ्या कोणत्या राजाला न चिकटता याच राजाला का चिकटली, हे मात्र समजण्यासारखे आहे. नौदलाच्या कचेरीत पुढे मोठ्या हुद्द्यावर चढलेला सॅम्युएल पीप्स याने १६६० ते १६६९ या काळात लघुलिपीत लिहिलेल्या दैनंदिनीत राजाच्या कुत्र्यांचे दर्शन अनेकदा घडते. परदेशातील वनवास संपवून चार्ल्स २५ मे १६६० रोजी डोव्हरला उतरला, तेव्हा राजाचा एक आवडता कुत्रा ज्या होडीत होता तीत पीप्स बसला होता; त्या कुत्र्याने होडीतच घाण केली, सगळे हसले, आणि राजा व त्याचे जे काही असेल ते अखेर चारचौघांसारखेच असते, असा विचार पीप्सच्या मनात आला. सात वर्षांनंतर, १६६७ च्या सप्टेंबरात, प्रिव्ही कौन्सिलमध्ये म्हणजे राजाच्या निवडक सल्लागारांच्या मंडळात कामकाज चालू असताना राजा त्याकडे लक्ष न देता सारा वेळ कुत्र्याशी खेळत बसला होता, अशी तक्रारही त्याने नोंदवून ठेवली आहे. दुसरा दैनंदिनीकार जॉन एव्हलिन हा स्वभावाने अधिक सोवळा. फेब्रुवारी १६८५ मध्ये राजा वारल्यावर त्याचे गुणदोष टिपताना तो लिहितो की, राजामागे छोट्या स्पॅनिएलांचा ताफा हिंडत असे, ते त्याच्या शयनगृहात निजत, माद्या तेथेच विऊन पिलांना पाजत, आणि त्यामुळे सारा दरबार घाणीने व दुर्गंधीने भरून जाई. ज्या राजवाड्यात हे चाले तो व्हाइटहॉलचा; ते राजाचे राहते घर होते आणि राज्यकारभाराची जागाही तीच होती. तेथे कुत्र्यांना मज्जाव नव्हता, कारण धन्यालाच तो नको होता. घरमालकाच्या या सवयीला पुढील पिढ्यांनी कायद्याचे रूप दिले असावे, असे मानणे सर्वांत सयुक्तिक दिसते.

या राजाच्या कुत्र्यांविषयीचा सर्वांत बोलका कागद कायद्याचा नसून जाहिरातीचा आहे. गादीवर येऊन महिना-दीड महिना होतो न होतो तोच त्याचा एक कुत्रा नाहीसा झाला आणि ‘मर्क्युरियस पब्लिकस’ या वृत्तपत्राच्या जून-जुलै १६६० च्या अंकात त्याचे वर्णन छापून आले. कुत्रा काळा, ग्रेहाउंड आणि स्पॅनिएल यांच्या मधला, अंगावर पांढरे कोठेच नाही, फक्त छातीवर एक पट्टा, आणि शेपूट थोडेसे आखूड केलेले. जाहिरातीचा सूर विनवणीचा नाही, चिडल्याचा आहे. हा कुत्रा खुद्द महाराजांचा असून तो चोरीसच गेला असला पाहिजे, कारण त्याचा जन्म इंग्लंडात झालेला नाही आणि तो धन्याला सोडून आपण होऊन जाणारा नाही, असे सांगून महाराजांना लुटणे हे लोक कधी थांबवणार आहेत आणि महाराजांनी साधा कुत्रादेखील पाळू नये काय, असा जाब त्यात विचारला आहे. जवळजवळ वीस वर्षांच्या यादवीत आणि प्रजासत्ताकात राजघराण्याचे सर्वस्व लुटले गेले होते, त्याची ठणक या दोन ओळींत उतरली आहे. लक्षात घेण्यासारखी दुसरी गोष्ट अशी की, ज्याच्यासाठी राजाने जाहिरात दिली तो कुत्रा अर्धाच स्पॅनिएल होता. म्हणजे राजाला जातिवंतपणाचे सोयरसुतक नव्हते आणि आजच्या श्वानप्रदर्शनात त्याच्या या लाडक्याला कोणी उभेही केले नसते.

येथूनच त्या दंतकथेची दुसरी बाजूही ढासळते. वादापुरता कायदा होता असे मानले, तरी त्याचा लाभ नेमका कोणत्या कुत्र्याला मिळावा? चार्ल्सच्या काळातील चित्रांत दिसणारे लांबट नाकाचे छोटे स्पॅनिएल एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकाच्या आशियाई कुत्र्यांच्या नादाने बदलत गेले. केनेल क्लब या श्वाननोंदणी संस्थेने १९०३ मध्ये त्यांच्या चार रंगभेदांना एकत्र करून ‘टॉय स्पॅनिएल’ असे नाव देण्याचे योजले, तेव्हा सातव्या एडवर्डच्या आग्रहाने ‘किंग चार्ल्स’ हे नाव त्या चपट्या नाकाच्या जातीकडेच राहिले. लांब नाकाचा कॅव्हेलियर हा, जुन्या लांब नाकाच्या स्पॅनिएलांसाठी एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाने ठेवलेल्या बक्षिसानंतर नव्याने घडवलेला, आणि त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती १९४५ मध्ये. नाव एकाकडे, रूप दुसऱ्याकडे, आणि रक्त दोघांचेही भेसळीचे, असा हा वारसा आहे.

पार्लमेंटच्या सभागृहात कुत्रा बसलेला पाहावयाचा असेल तर त्याचा इतिहास विसाव्या शतकाच्या अखेरचा आहे आणि त्यात स्पॅनिएल नाही. १९८७ मध्ये निवडून आलेले दृष्टिहीन खासदार डेव्हिड ब्लंकेट यांच्या पायाशी त्यांचा वाटाड्या कुत्रा बसत असे. त्यांच्या अशा कुत्र्यांपैकी ल्यूसी हिला १९९९ मध्ये विरोधी पक्षाच्या डेव्हिड विलेट्स यांचे भाषण चालू असतानाच उलटी झाली, आणि त्या भाषणावरील तो अभिप्राय पुढे कित्येक वर्षे चवीने सांगितला गेला. तिला प्रवेश मिळाला तो तिच्या कामामुळे. आजही प्रेक्षकांबरोबर सहायक कुत्र्यांना आत सोडतात. खासदारांच्या हौशीच्या कुत्र्यांची जी वार्षिक स्पर्धा होते ती मात्र इमारतीलगतच्या व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्समध्ये, म्हणजे भिंतीबाहेर भरते, आणि तेथे कॅव्हेलियर इतर कुत्र्यांच्या रांगेतच उभा राहतो.

झडपेच्या विकाराचे राहिलेले प्रकरण पुढील आठवड्यात येईल. त्यासाठी थांबण्याची गरज नसलेली एक सूचना येथेच करणे इष्ट आहे: ज्यांच्या घरी कॅव्हेलियर आहे त्यांनी कुत्रा धडधाकट दिसत असला तरी वर्षातून एकदा पशुवैद्याकडे नेऊन त्याच्या हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपने तपासून घ्यावेत, आणि जे पिलू घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी त्याच्या आईबापांच्या हृदयतपासणीचे कागद मागावेत.