आधी खांदा, मग छाती

बदलापूर पश्चिमेला बेलवलीत आता सोसायट्याच सोसायट्या. तिथे राहायला आलेली कितीतरी घरं मूळची महाडकडची, साताऱ्याकडची, रत्नागिरीची. त्यांच्या सामानातून कधीकधी एक काळी-पांढरी तसबीरही आलेली असते. डोक्याला साफा, मिशीला पीळ, छातीवर तीन-चार पदकं. “आमचे पणजोबा. मिल्ट्रीत होते. बहादुरीची मेडल मिळालेली त्यांना.” यापुढे कुणाला काही सांगता येत नाही. पलटण कोणती, हुद्दा कोणता, लढाई कुठली, हे ठाऊक असणारी पिढी गेली. तसबिरीत यातलं बरंच दिसत असतं, पण सगळ्यांची नजर आधी पदकांवर जाते आणि तिथेच गफलत होते.

त्याही आधी हा माणूस फौजेत होता का, ते ठरवावं. या पट्ट्यात तर ही शंका घ्यायलाच हवी. शेजारचं उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. उल्हासनगर हे नाव तिला १९४९ मध्ये मिळालं. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि दाराशी जीआयपी रेल्वे. खाकी कोट नि पितळी बटणं रेल्वेच्या गार्डाचीही असत, पोलिसाची, पहारेकऱ्याची आणि युद्धकाळात हवाई हल्ल्यांपासून बचावाचं काम बघणाऱ्या एआरपी वॉर्डनचीही. कोटाची बटणं, टोपीवरचा बिल्ला आणि कमरपट्ट्याचं बक्कल भिंगाखाली धरलं, तर बऱ्याचदा तिथली अक्षरंच खातं सांगून टाकतात.

फौजीच निघाला, तर नजर खांद्यावर न्यावी. खांदपट्टीच्या टोकाशी पलटणीची पितळी अक्षरं किंवा आकडा असतो. १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ यातला आकडा वाचता आला, तर ती मराठा पलटण आणि फोटो १९२२ च्या आधीचा. त्या वर्षी या पलटणी एकत्र बांधून ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री’ केली गेली. १०३, ११० आणि ११७ या पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुटच्या वेढ्यात सापडल्या होत्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या फौजेला शरण जावं लागलं. बसरा मेसोपोटेमियातलंच बंदर; घरात ‘बसऱ्याला गेलेले’ असं कुणाबद्दल बोललं जात असेल, तर ही कहाणी त्या आकड्याशी ताडून बघावी. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि युद्धानंतर लवकरच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट झाल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या मशिनगन आल्या आणि पुढे स्तंभाच्या जागी खंजीर. म्हणजे बिल्ल्यावरूनही काळ ठरवता येतो.

हुद्दा दंडावर नाहीतर खांद्यावर. दंडावर एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. खांद्यावर चांदणी दिसली की घरचे एकदम लेफ्टनंट करून टाकतात. पण एक चांदणी जमादाराचीही असे आणि दोन सुभेदाराच्याही. आपल्याकडच्या जुन्या फोटोत सुभेदार निघण्याचाच संभव जास्त. सुभेदार मेजराच्या खांद्यावर इंग्रजी अमलात मुकुट असे. प्रजासत्ताक झाल्यावर तिथे अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुट असेल तर फोटो १९५० च्या अलीकडे आणायचा नाही. जमादाराचा ‘नायब सुभेदार’ झाला तो १९६५ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोत दंडाच्या वरच्या भागावर कापडी चिन्ह शिवलेलं असतं. ते डिव्हिजनचं. लाल गरुड चौथ्या भारतीय डिव्हिजनचा, काळं मांजर सतराव्या डिव्हिजनचं. चौथं आफ्रिका-इटलीत लढलं, सतरावं ब्रह्मदेशात.

आता छाती. इथे थोडं कटू बोलायला हवं: बहुतेक पदकं बहादुरीची नसतात. अमुक आघाडीवर, अमुक काळात नोकरी केली म्हणून ती सगळ्यांना मिळत. फितीच्या रंगावरून पदक ओळखायचं म्हटलं, तर जुना फोटो दगा देतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून फोटोत लाल काळा पडतो आणि निळा फिकट. त्यापेक्षा आकार भरवशाचा. तलवारींची फुली असलेला तारा पहिल्या महायुद्धाचा. सहा टोकांचा तारा दुसऱ्याचा. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार सगळे एकाच घाटाचे, फरक फितीचा. पाच टोकांचा पूर्वी किंवा पश्चिमी स्टार १९७१ चा. दुसऱ्या महायुद्धाची पदकं प्रत्यक्ष हातात पडली ती युद्ध संपल्यावर काही वर्षांनी. तेव्हा ती लटकवून काढलेला फोटो लढाईवर जातानाचा नव्हे.

शौर्यपदक असेल तर ते ओळीत सर्वांत आधी, म्हणजे कोटाच्या बटणांच्या बाजूला. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे आणि नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांना इटलीत मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस अशाच अग्रस्थानाचा. घाडगेंना तो मरणोत्तर मिळाला. घरच्यांच्या नजरेतून हमखास निसटतं ते फितीवरचं ओकचं छोटं पान: या जवानाच्या कामगिरीचा सेनापतीच्या खलित्यात नावानिशी उल्लेख झाला होता. चार गोल पदकांपेक्षा मला ते पान शोधायला जास्त आवडतं.

पदकं उजव्या छातीवर दिसली तर गोंधळू नये. कोटाची बटणंही उलट्या बाजूला असतील, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. बटणं सरळ आणि पदकं मात्र उजवीकडे असतील, तर तो बहुधा दिवंगत बापाची किंवा भावाची पदकं लावून उभा आहे.

तसबीर चौकटीतून काढता आली तर मागे स्टुडिओचा शिक्का बघावा; काचेला चिकटली असेल तर ओढू नये, तशीच मोबाइलवर टिपावी. हे काम पावसाळ्याआधी केलेलं बरं. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराचं पाणी इथल्या घरांत शिरलं होतं.

पदकं घरात असतील तर त्यांची कड वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दिवाळीला ब्रासोने घासघासून ही अक्षरं पुसली जातात, म्हणून पदक चमकवायच्या भानगडीत पडू नये. नुसता क्रमांक पुरत नाही. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीतल्या शिपायाचाही असू शकतो. नाव, पलटण आणि क्रमांक जुळले की पत्र टाकायला पत्ते आहेत: मराठा पलटणींचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. पत्र कसं लिहायचं यासाठी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. माणूस दोन महायुद्धांपैकी एकात कामी आला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत घरबसल्या नाव शोधता येतं. फक्त ‘घाडगे’, ‘शिंदे’ ही नावं इंग्रज कारकुनाने कशी लिहिली असतील, याचे चार-पाच प्रकार मांडून मग बसावं.