जुन्या नोंदवह्या जपण्याचे काम



मागच्या पावसाळ्यात एक वारली तरुण माझ्याकडे आला. जमातीच्या दाखल्याची पडताळणी अडली होती. पडताळणी समितीपुढे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते, कारण त्या दिवशी अनुसूचित जमातींचा आदेश निघाला. त्याचे आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते, त्यामुळे शाळेचा दाखला नव्हता. शेवटी चर्चमधली बाप्तिस्म्याची वही काढली. आजोबांची नोंद सापडली: आईवडील, पाडा, जमात. त्याच पानाचा खालचा भाग वाळवीने खाल्ला होता. तिथे कोणाची नावे होती, ते आता कळणार नाही.

अशी नोंद दाखवली तर आपली सवलत जाईल, अशी भीती पाड्यांवर आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. जमातींच्या आदेशात नाही.

बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवाव्यात, जुन्याही जपाव्यात, असे कॅनन लॉचे कलम ५३५ सांगते. धर्मप्रांताचा दप्तरखाना कुलूपबंद असतो, किल्ली बिशप आणि चॅन्सेलर यांच्याकडेच. पण स्वतःसंबंधीच्या सार्वजनिक स्वरूपाच्या नोंदीची अधिकृत प्रत मिळणे हा माणसाचा हक्क आहे (कलम ४८७). डिप्लोमा करताना ही कलमे मी नुसती पाठ केली होती!

खरी अडचण शोधण्याची. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. वह्या त्याहून जुन्या असू शकतात. आजचे चर्च तेव्हा नसेल, तर नोंद मूळ धर्मग्रामात पाहावी लागते. शिवाय नाव लॅटिन वळणाचे, आणि घरी हाक मारायचे नाव वेगळेच. म्हणून आम्ही सूची करताना दोन्ही नावे, बापाचे नाव, पाडा आणि वर्ष लिहितो. नुसत्या बाप्तिस्म्याच्या नावावर एकाच वहीत कितीतरी जोसेफ निघतात.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. वही भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात, सुती कापडात गुंडाळून ठेवावी. फादरांच्या परवानगीने पानापानाचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवावेत, मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नयेत.

दिवाळीच्या सुटीत आम्ही पुढच्या वह्यांची सूची करणार आहोत. जुने वळणदार इंग्रजी हस्ताक्षर वाचता येणारे निवृत्त शिक्षक हवे आहेत. जेवणाची व राहण्याची सोय मिशनमध्ये होईल.